साउंडचा रॅक घेताना: पेटी कोण उचलणार, हे आधी ठरवा

दोन पॉवर्ड स्पीकर (म्हणजे ज्यांच्या आतच अ‍ॅम्प्लिफायर, आपला 'अ‍ॅम्प', असतो असे), एक मिक्सर, चार कॉर्डलेस माईक, दोन-तीन स्टँड आणि वायरींची एक फुगलेली बॅग. सोसायटीचा गणपती, कोजागिरी, कुणाची एकसष्टी, दिवाळी पहाट, हॉलमधली भावगीतांची मैफल: मुंबईत छोटे कार्यक्रम करणाऱ्या साउंडवाल्याचा संसार साधारण एवढ्यात मावतो. बरोबर फार तर एक हेल्पर. असा माणूस रॅक, म्हणजे मिक्सरसारखी उपकरणं आत आवळून न्यायची पेटी, घ्यायला दुकानात गेला की त्याला सगळ्यात आधी पेटीची मजबुती दाखवतात. दुकानदार तिच्यावर चढून उभा राहतो. पेटी मोडत नाही, कबूल. पण ती रिकामीच दहा-बारा किलोची आहे आणि चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर ती तुम्हालाच न्यायची आहे, हा विषय दुकानात निघत नाही.

पेटी किती मजबूत हवी हे आतल्या सामानाच्या किमतीवर ठरवू नये, ती कोणाच्या हातात जाणार यावर ठरवावं, असं माझं मत आहे. तुमच्याशिवाय कुणी हात लावणार नसेल तर हलकी पेटी पुरते. टेम्पोवाल्याची पोरं ती उतरवणार असतील तर गोष्ट वेगळी, आणि विमानाच्या पोटात जाणार असेल तर आणखी वेगळी. हे एकदा ठरलं की बाकीचे प्रश्न बरेच सोपे होतात. पण त्याआधी थोडं मापाबद्दल.

एक यू म्हणजे किती?

रॅकची रुंदी जगभर एकच असते. उपकरणाची समोरची पट्टी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर. टेलिफोन एक्सचेंजमधल्या उपकरणांसाठी रूढ झालेलं हे माप पुढे रेडिओ स्टेशनांनी, स्टुडिओंनी आणि कॉम्प्युटरच्या सर्व्हरवाल्यांनीही उचललं. त्यामुळे कुठल्याही कंपनीचा कॉर्डलेस माईकचा रिसीव्हर कुठल्याही कंपनीच्या रॅकमध्ये बसतो. उंची 'यू'मध्ये मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. चार यूचा रॅक म्हटलं की आतली उपयोगी उंची जेमतेम १७.८ सेंटिमीटर. पट्टीच्या दोन्ही टोकांना जे कान असतात त्यांत भोकं असतात, आणि पेटीतल्या उभ्या लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर, म्हणजे रेलवर, हे कान स्क्रूने आवळायचे.

रुंदी ठरलेली, उंची ठरलेली. खोली मात्र ज्याची त्याची. आणि फसगत होते ती इथेच. उपकरणाच्या माहितीपत्रकात लिहिलेली खोली ही नुसत्या डब्याची असते. त्याच्या मागे माईकच्या वायरीची एक्सएलआर पिन लागते, तिच्या मागे वायर वळायला जागा लागते. सगळं धरून सहा-सात सेंटिमीटर तरी जास्त हवेत. बेहरिंजरच्या एक्सआर१८ सारख्या टॅब्लेटवर चालणाऱ्या मिक्सरमध्ये उलटा प्रकार. तिथे माईकच्या सगळ्या जागा समोरच्या बाजूला. वायरी लावून ठेवायच्या असतील तर समोरची रेलच तेवढी आत सरकवलेली हवी, नाहीतर झाकण लागणार नाही. हे दुकानात बघून घ्यायचं, घरी आल्यावर नाही.

म्हणून मग लोक सरळ खोल पेटी घेतात. अठरा इंच, वीस इंच. 'उद्या मोठा अ‍ॅम्प घेतला तर?' हा विचार त्यामागे असतो. तो उद्या बऱ्याच जणांच्या आयुष्यात येत नाही, आणि मोकळ्या खोलीचं प्लायवूड मात्र दर कार्यक्रमाला उचलावं लागतं.

वजन येतं कुठून

आता थोडा हिशेब करू, कारण पेटीचं वजन म्हणजे काही गूढ नाही. शाळेतलं क्षेत्रफळ आहे. चार यूची, ४५ सेंटिमीटर खोल प्लायवूडची पेटी घ्या. बाहेरून ती साधारण ५३ सेंटिमीटर रुंद आणि २२ सेंटिमीटर उंच भरते. वर-खालचे दोन तुकडे, दोन बाजू, पुढचं-मागचं झाकण आणि झाकणांच्या कडा, सगळं मिळून सुमारे १.१ चौरस मीटर प्लाय लागतो. नऊ मिलिमीटर जाडीचा प्लाय चौरस मीटरला साधारण सहा किलो भरतो. म्हणजे लाकूडच साडेसहा किलोच्या घरात. त्यावर कडांना अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, कोपऱ्यांचे आठ गोळे (बॉल कॉर्नर), झाकणाच्या फिरवायच्या कड्या (बटरफ्लाय लॅच), दोन स्प्रिंगची हँडलं, लोखंडी रेल आणि मूठभर रिव्हेट. हे तीन-चार किलो कुठेच गेलं नाही. झाले दहा.

आता याच हिशेबात हात घाला. जाडी नऊवरून सहा मिलिमीटरवर आणली तर दोन-सव्वादोन किलो वाचतात. खोली ४५वरून ३० सेंटिमीटरवर आणली तर आणखी सव्वा-दीड किलो. लोखंडी रेलऐवजी अ‍ॅल्युमिनियमची घेतली तर तीही हलकी, कारण त्याच आकाराचं अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास एक तृतीयांश वजनाचं असतं. उलट दुकानदाराने 'मजबूत करून देतो' म्हणत बारा मिलिमीटर घातला की दोन किलो वाढले. प्लायच्या जातीनेही फरक पडतो. पॉप्लरचा प्लाय हलका, पण स्क्रू तितका धरत नाही. बर्च जड, पण धरतो घट्ट. ऑर्डर देऊन पेटी बनवून घेणार असाल तर कारागिराकडे त्याच प्लायचा एक तुकडा मागा आणि हातात धरून बघा. दोन प्लायचे सारखे तुकडे दोन हातांत घेतले की फरक लगेच कळतो.

पण पेटीतून तीन किलो काढणं आणि उपकरणातून पंधरा किलो काढणं यात पैज लावायची तर मी दुसऱ्या बाजूला लावेन. जुना रॅक जड असतो तो आतल्या अ‍ॅम्पमुळे. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. एवढ्या सावकाश बदलणाऱ्या विजेवर चालणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला भरपूर पॉवर द्यायची असेल तर भरपूर लोखंड आणि तांबं लागतं. म्हणून जुने मोठे अ‍ॅम्प वीस-वीस किलोचे. नव्या अ‍ॅम्पमध्ये आधी वीज सरळ करून घेतात, मग तिला सेकंदाला पन्नास हजार, लाख वेळा चालू-बंद करतात आणि मग ट्रान्सफॉर्मरमधून नेतात. ही गती हजार-दोन हजार पट झाल्यामुळे तेच काम मुठीत मावणारा ट्रान्सफॉर्मर करतो. स्विच मोड पॉवर सप्लाय म्हणतात तो हाच. त्याला क्लास डी सर्किटची जोड मिळाली की उष्णतेत वाया जाणारी वीज कमी, म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंकही, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा ठोकळाही, लहान. वीस किलोचा अ‍ॅम्प पाच-सात किलोवर येतो, आणि खोलीही बऱ्याचदा कमी होते.

तो हलका झाला की पेटीही हलकी चालते. वीस किलोचा अ‍ॅम्प नुसत्या समोरच्या चार स्क्रूंवर लटकवला तर टेम्पोच्या प्रत्येक खड्ड्याला कान वाकतात. त्याला मागून आधार लागतो, म्हणजे मागेही रेल, आणि ती रेल धरायला जाड प्लाय. पाच किलोच्या उपकरणाला हे सगळं सोंग लागत नाही.

पॉवर्ड स्पीकर घेतलेत तर अ‍ॅम्पचा रॅकच नाहीसा होतो. वजन स्पीकरमध्ये जातं हे खरं, पण दोन स्पीकरमध्ये वाटून जातं, आणि स्पीकर तुम्ही तसेही उचलणारच होतात. मग रॅकमध्ये काय उरतं? मिक्सर, कॉर्डलेसचे रिसीव्हर, वायफायचा राउटर आणि एक प्लगची पट्टी. टॅब्लेटवरचे मिक्सर तीन-साडेतीन किलोचेही असतात. एवढ्यासाठी दहा किलोची पेटी? बघा तुम्हीच.

हात कोणाचे

बाजारात मिळणाऱ्या पेट्या ढोबळमानाने तीन जातीच्या.

पहिली, कापडी रॅकबॅग. बाहेरून जाड नायलॉन, आत फोम आणि त्याच्या आत प्लायची किंवा अ‍ॅल्युमिनियमची चौकट, तिला रेल. खांद्याचा पट्टा असतो, चेन असते. रेल तीच, मापही तेच, फक्त बाहेरचं कवच गेलेलं. बरेच जण हिला 'पेटी'च मानत नाहीत, 'पिशवी' म्हणून हसतात. हसू दे. सामान तुमच्या घरातून तुमच्या गाडीत, गाडीतून स्टेजवर आणि परत, आणि प्रत्येक वेळी तुमच्याच हातात, असं असेल तर याहून योग्य काही नाही. तिच्यावर स्पीकर ठेवायचा नाही, एवढं पथ्य. टेम्पोत गेली तर सगळ्यात वर, आणि टेम्पो तुम्ही स्वतः भरायचा. या दोन अटी पाळता येत नसतील तर घेऊ नका.

दुसरी, साच्यातून काढलेली प्लास्टिकची. एसकेबी, गेटर या कंपन्यांच्या माहीत असतील. साच्यात पॉलिथिलीन फिरवून वितळवून काढलेली पेटी एकसंध असते, तिला सांधे नसतात. पडली तर दबते आणि परत उसळते. प्लाय अशा वेळी कोपऱ्यात फुटतो. वजनाने ती कापडी आणि प्लायच्या मधली. एकावर एक नीट बसावी म्हणून वर खोबणी असते. हेल्पर किंवा हॉलचा माणूस सामान उचलणार, पण तुम्ही तिथेच उभे असणार, अशा कामासाठी ही पेटी. एक चीड आणणारी गोष्ट म्हणजे आतल्या जागेच्या मानाने ती बाहेरून मोठी असते; कोपरे गोल आणि भिंती फुगीर, त्यामुळे डिकीत जागा वाया जाते. आणि झाकण हरवलं किंवा लॅच तुटला तर भाग मिळायला वेळ लागतो. प्लायच्या पेटीचा लॅच कुणीही रिव्हेट मारून बदलून देतो.

तिसरी म्हणजे खरी फ्लाइट केस, वर जिचा हिशेब केला तशी प्लायची. अनोळखी माणसं, दुसऱ्यांचं सामान, ट्रकचा प्रवास, विमानतळ. इथे वजनावर कंजुषी करू नका. हवाई वाहतुकीच्या पेट्यांसाठी अमेरिकेतल्या एअर ट्रान्सपोर्ट असोसिएशनने (एटीए) आखलेलं ३०० क्रमांकाचं एक मानक आहे. त्यातली पहिल्या प्रतीची पेटी किमान १०० फेऱ्या टिकावी अशी अपेक्षा असते. आपल्याकडे पेटीवर त्या संस्थेची आद्याक्षरं बिनधास्त छापलेली असतात, चाचणी झालेली असतेच असं नाही. पण इथेही वजनाची एक भिंत आहेच: चेक-इनच्या सामानात एक नग ३२ किलोच्या वर साधारणपणे घेत नाहीत, आणि देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी फुकटची मर्यादा १५ किलोची. इंदूरच्या किंवा बंगळुरूच्या महाराष्ट्र मंडळात कार्यक्रम लागला आणि पेटीच दहा किलोची असेल, तर सामानाला उरले पाच. अशा वेळी मी मिक्सर पेटीतून काढून हँडबॅगेत घेईन आणि स्पीकर तिथेच भाड्याने मागवेन. वर्षातून एकदाच होणाऱ्या विमानप्रवासासाठी रोजची पेटी जड करण्यात काही अर्थ नाही.

मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या हलक्या तक्त्यांच्या फ्लाइट केसही निघाल्या आहेत. पाण्याला घाबरत नाहीत, प्लायपेक्षा बऱ्याच हलक्या. महाग पडतात.

मोठा एक की छोटे दोन

सगळं एकाच रॅकमध्ये, मागून सगळ्या वायरी कायमच्या जोडलेल्या, झाकण उघडलं की सेटअप तयार. हे स्वप्न प्रत्येक साउंडवाल्याला पडतं आणि त्यातून आठ यूचा, तीस-बत्तीस किलोचा राक्षस जन्माला येतो. दोघांनी उचलायचा तर अरुंद जिन्यात एकाला उलटं चढावं लागतं. एकट्याने उचलायचा तर कंबरेचं काय होतं ते सांगायला नको.

किती किलो ठीक, याला अंदाजाने उत्तर द्यायची गरज नाही. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेने वजन उचलण्याचं एक सूत्र दिलं आहे. सगळं आदर्श असेल, म्हणजे वजन अंगाजवळ, कंबरेच्या उंचीवर, वळायचं नाही, पकड चांगली, अधूनमधूनच उचलायचं, तर त्यांची मर्यादा २३ किलो. मग एकेक अडचण आली की ती मर्यादा घटत जाते. त्यातली सगळ्यात महत्त्वाची अडचण म्हणजे वजन अंगापासून किती लांब आहे. भरलेली बादली पोटाशी धरणं आणि हात लांब करून धरणं, यातला फरक कुणालाही माहीत आहे. सूत्रात तो थेट आकड्यात येतो. पायाच्या घोट्यांपासून हातांपर्यंतचं आडवं अंतर २५ सेंटिमीटर असेल तर पूर्ण २३ किलो, ५० सेंटिमीटर झालं की निम्मे.

आता हे रॅकला लावा. ४५ सेंटिमीटर खोल पेटी दोन्ही बाजूंची हँडलं धरून पोटासमोर उचलली की तिचा मध्य अंगापासून साडेबावीस सेंटिमीटर पुढे. घोट्यांपासून मोजलं तर चाळिसाच्या आसपास. मर्यादा साधारण १४ किलोवर आली. तीच पेटी ३० सेंटिमीटर खोल असती तर ते अंतर बत्तीस-तेहेतीस सेंटिमीटर, आणि मर्यादा १७-१८ किलो. उथळ पेटी दोनदा हलकी ठरते ती अशी: एकदा काट्यावर, एकदा कंबरेला. आणि जिना, वळण, घामेजलेले हात यांचं अजून काही मोजलेलंच नाही.

म्हणून माझा स्वतःचा नियम असा: भरलेला कुठलाही रॅक १५ किलोच्या आत. चार यूचा मिक्सर-रॅक आणि दोन यूचा माईक-रॅक असे दोन केले की बहुतेकांचं सगळं बसतं. दोन हातांत दोन घेऊन चालता येतं, तोल राहतो. शिवाय सत्यनारायणाच्या पूजेला फक्त दोन कॉर्डलेस हवे असतील तर लहान पेटीच न्यायची. दोन्ही पेट्यांमधली जोडणी चार-सहा वायरींची. त्यांची एक वेणी वळून, दोन्ही टोकांना रंगीत टेप लावून ठेवली की जोडायला दोन मिनिटं पुरतात. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे बहुतेक वेळा रात्री दहाला आवाज बंद करावा लागतो आणि सव्वादहाला हॉलचा माणूस दिवे घालवायला येऊन उभा राहतो. तेव्हाही ही दोन मिनिटं जड जात नाहीत. उलट वेगळे करता आल्यामुळे पहिली पेटी खाली जाईपर्यंत दुसरी आवरून होते.

रॅकचा ड्रॉवर नावाची एक वस्तू मिळते, लोखंडी, किल्ली लावता येणारी. रिकामाच चार-पाच किलो भरू शकतो. त्यात काय ठेवतात? बॅटऱ्या, टेप, एक स्क्रूड्रायव्हर. हे पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा. व्होल्टेजचा स्टॅबिलायझर रॅकमध्ये बसवायची हौसही अशीच, तोही ट्रान्सफॉर्मरच असतो.

मुंबईतला रस्ता

मापं घेऊन झाल्यावर आपल्या शहराचा विचार करायला हवा, कारण इथे सामानाला गाडी बदलावी लागते. अंधेरीत राहणाऱ्याचा कार्यक्रम दादरला असेल तर रिक्षा चालत नाही. वांद्रे आणि सायनच्या पुढे दक्षिणेला रिक्षा येतच नाही. टॅक्सी घ्यावी तर डिकीत सीएनजीचा सिलिंडर. डिकीत उरते ती सिलिंडरच्या पुढची एक आडवी पट्टी, आणि तिच्यात खोल रॅक आडवा-उभा कसाही बसत नाही, उथळ मात्र बसतो. बसला नाही तर तो मागच्या सीटवर, आणि हेल्पर वेगळ्या टॅक्सीने. छोटा हत्ती मागवला तर प्रश्न मिटतो, पण दोन पेट्यांसाठी टेम्पोचं भाडं घातलं की कार्यक्रमात हातात काय उरणार?

पेटीलाच चाकं हवीत असा बऱ्याच जणांचा आग्रह असतो. चार इंची चार चाकं, त्यांचे ब्रेक, खालचा जाड तक्ता धरून चार किलो सहज वाढतात. गुळगुळीत लादीवर ती पळतात. पण आपल्या फुटपाथवर पेव्हर ब्लॉक असतात, त्यातला एखादा उखडलेला असतो, आणि एवढंसं चाक तिथे अडकून बसतं. जिन्यावर तर चाकं नुसती वाहायची. त्यापेक्षा मोठ्या रबरी चाकांची घडीची हातगाडी वेगळी ठेवा. तिच्यावर रॅक, स्पीकर, स्टँडची बॅग सगळं जातं, आणि जिना आला की ती खालीच ठेवता येते. चाकं गाडीला, पेटीला नकोत.

नव्या टॉवरमध्ये जिना चढावा लागत नाही, पण तिथे वॉचमन असतो. 'साहेब, सामान सर्व्हिस लिफ्टने.' सर्व्हिस लिफ्ट मागच्या बाजूला, तिच्यात कुणाच्या तरी फ्लॅटच्या लाद्या चढत असतात. दोन लहान, स्वच्छ, कापडी बॅगा घेऊन गेलात तर पाहुण्यांच्या लिफ्टमध्ये कुणी अडवत नाही. मोठी काळी पेटी, कोपऱ्यांना चकचकीत गोळे, म्हणजे 'सामान'. ही गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात नसते.

हँडल कुठे आहे ते नीट बघा. उपकरणांचं वजन समोरच्या रेलच्या बाजूला असतं, मागे पोकळी आणि वायरी. हँडल बरोबर मधोमध असेल तर पेटी उचलल्यावर समोरून खाली झुकते आणि मनगट पिरगाळलं जातं. हँडल थोडं समोरच्या बाजूला हवं. बनवून घेताना हे सांगता येतं: आधी उपकरणं बसवा, मग पेटी एका गोल दांड्यावर ठेवून पुढे-मागे करा, जिथे तोल साधेल तिथे हँडल. पाच मिनिटांचं काम, पण हँडल आधी ठोकून मोकळं व्हायची कारागिराला घाई असते. तोवर तिथे उभं राहावं. वायरी मागे सैल लोंबत असतील तर तेही वजनच. शिवाय जिन्यात चढताना त्या एका बाजूला सरकतात आणि तोल बिघडतो. चिकटपट्टीने बांधून टाका.

पाऊस आणि उष्णता

सप्टेंबरातला गणपती म्हणजे अर्धा पावसाळाच. साधा प्लाय ओलाव्याला टिकत नाही. कडा फुगतात आणि त्यांतले स्क्रू सैल होतात. प्लायवर बीडब्ल्यूआर लिहिलेलं आहे का बघा, ती आयएस ३०३ मधली पाणी सहन करणारी जात. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, आणखी टिकाऊ. एमआर म्हणजे फक्त दमट हवेपुरती तग धरणारी. मुंबईत पेटीसाठी तिच्या वाटेला जाऊ नका. पण कुठलाही प्लाय असो, कापलेल्या कडा आणि भोकं रंगाने किंवा वॉर्निशने बंद करून घ्या, पाणी तिथूनच शिरतं.

फोमचं आणखी वेगळं. आतला स्वस्त पॉलियुरेथेनचा मऊ फोम दमट हवेत काही वर्षांनी चिकट होतो, मग त्याचा काळा भुगा पडतो, आणि तो भुगा नेमका अ‍ॅम्पच्या पंख्यात जातो. ईव्हीए किंवा पॉलिथिलीनचा घट्ट फोम मागा. कापडी बॅग भिजली तर चेन उघडून पंख्याखाली वाळवायची, कपाटात कोंबायची नाही. सिलिका जेलची पुडी आत टाकून ठेवायला काहीच जात नाही.

उष्णतेचा नियम एका ओळीचा आहे: कार्यक्रम चालू असताना पुढचं आणि मागचं, दोन्ही झाकणं काढलेली हवीत. बहुतेक अ‍ॅम्प एका बाजूने हवा ओढून दुसरीकडे सोडतात. काही उपकरणं मात्र कडेने श्वास घेतात, आणि अरुंद पेटीत त्यांच्या कडेला भिंतच असते. अशा उपकरणाच्या वर एक यू मोकळा सोडा. ही एवढीच मोकळी जागा मी वजनाच्या हिशेबात माफ करतो.

दुकानात

लॅमिंग्टन रोडला किंवा कुठेही जाल तेव्हा तुमचं सगळ्यात खोल उपकरण, मागे वायर लावलेल्या अवस्थेत, बरोबर न्या. सामान तोलायचा हातातला हुकवाला काटाही न्या, तो खिशात मावतो. दुकानदार सांगेल ते वजन बहुधा झाकणांशिवायचं असतं. झाकणं लावून तोला. उपकरण रेलवर खरंच स्क्रू करून बघा, कारण स्वस्त पेटीत दोन रेलमधलं अंतर दोन-तीन मिलिमीटरने चुकलेलं असतं आणि मग कानाचं भोक आणि रेलचं भोक समोरासमोर येत नाही. रेलमध्ये सरळ आटे पाडलेले असतील तर एक आटा गेला की ती जागा गेली; चौकोनी भोकात बसणारे केज नट असतील तर खराब झालेला नट काढून दुसरा टाकता येतो.

जुनी पेटी घेत असाल तर झाकण उघडून आधी वास घ्या. कुबट वास म्हणजे प्लाय आतून ओला झालेला. मग प्रत्येक लॅच दोनदा फिरवा, हँडलची स्प्रिंग सोडून बघा, परत बसते का. रेलला हात लावून हलवा. हे सगळं ठीक निघालं तर भरल्यानंतर जेवढी होईल तेवढ्या वजनाचं काहीतरी आत ठेवा, तिथल्या तिथे उचला आणि दुकानाच्या पायऱ्या एकदा उतरून चढा. दुकानदार हसेल. पायऱ्या नसतील तर शेजारच्या इमारतीत असतातच.